फसलेल्या बाईंचं वय आणि पत्ता छापून काय मिळतं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पत्र लांब होणार आहे, आधीच सांगते. विषय आहे त्या बातम्यांचा, ज्यात परदेशातला डॉक्टर नाहीतर अमेरिकन सैन्यातला कॅप्टन फेसबुकवर भेटतो, महिना दोन महिने गोड गोड बोलतो आणि पुण्यातल्या कुठल्यातरी बाईंचे दहा-वीस लाख घेऊन गायब होतो. तुमच्या एकट्याच्याच पेपरात असं नाही, सगळीकडेच या बातम्या सारख्याच असतात, हेडिंगमध्ये 'परदेशी प्रियकर' आणि 'गंडा', खाली पहिल्याच ओळीत बाईंचं वय, कुठल्या भागात राहतात, नोकरी काय, विधवा की घटस्फोटित, किती रुपये गेले, आणि शेवटी पोलीस तपास करत आहेत. म्हणजे बाई कोण ते वाचणाऱ्याला कळतं पण तो माणूस फसवतो कसा ते काहीच कळत नाही. मला वाटतं हे बरोबर उलटं पाहिजे.

आमच्या ओळखीत एक बाई आहेत, शाळेतून रिटायर झालेल्या, मिस्टर जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्याबाबतीत हे झालं आणि त्यांनी हिंमत करून तक्रार दिली. दुसऱ्या दिवशी एका पेपरात (कुठल्या ते जाऊदे) नाव न देता बातमी आली, पण वय दिलं, भाग दिला, शिक्षिका होत्या हे दिलं, मग राहिलं काय? दुपारपर्यंत बातमीचा फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, खाली हसण्याचे इमोजी, एका काकांची कमेंट की या वयात हे धंदे कशाला. तेच काका स्वतः शेअर मार्केटच्या कुठल्याशा टिप्सच्या ग्रुपमध्ये पैसे घालून बसलेत पण ते वेगळं, ती 'गुंतवणूक'! त्या बाई पुढे भाजी आणायलासुद्धा दुसऱ्या चौकात जायला लागल्या.

आता कोणी म्हणेल की लोक हसले तर हसले, त्याचा पैशाशी काय संबंध. संबंध आहे, आणि तेवढ्यासाठीच हे पत्र लिहितेय. मी बँकेत नोकरी केली, काउंटरवरही आणि आत ऑफिसातही, त्यामुळे हे पैसे कसे फिरतात ते थोडंफार माहितीये. बाईंनी पाठवलेले पैसे चोराच्या स्वतःच्या खात्यात सहसा जात नाहीत. ते जातात कुठल्यातरी गरीब माणसाच्या सेव्हिंग खात्यात, ज्याने पाच-दहा हजारांसाठी आपलं खातं, एटीएम कार्ड आणि सिम दुसऱ्याला वापरायला दिलेलं असतं. तिथून लगेच तुकडे होऊन चार खात्यांत, त्या चारांतून आणखी दहा, मग एटीएममधून कॅश नाहीतर क्रिप्टो. १९३० या सरकारी सायबर हेल्पलाइनला फोन केला की तक्रार त्या सगळ्या बँकांकडे साखळीने जाते आणि ज्या खात्यात जेवढी रक्कम अजून पडलेली असेल तेवढी अडवून ठेवतात. अजून पडलेली असेल तर! म्हणजे सगळा खेळ पहिल्या काही तासांचा. आणि जी बाई विचार करत बसते की मुलाला काय सांगू, बहिणीला काय सांगू, उद्या पेपरात आलं तर काय, तिचे हे तास असेच जातात. पंधरा दिवसांनी, दोन महिन्यांनी लोक तक्रार द्यायला येतात तेव्हा खात्यात शंभर-दोनशे रुपये असतात. तुमचं हेडिंग त्या चोरांना फुकटात मदत करतं, असं म्हटलं तर राग येईल तुम्हाला, पण होतं तेच.

बरं बँकेकडून भरपाई मिळेल म्हणावं तर तेही नाही. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये एक परिपत्रक काढलं होतं, की तुमच्या खात्यातून तुमच्या नकळत, तुमची चूक नसताना कोणी पैसे काढले आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत तर नुकसान तुमच्यावर येत नाही. पण इथे ट्रान्सफर बाईंनी स्वतः केलेली असते, ओटीपी स्वतः टाकलेला असतो, त्यामुळे बँक हात वर करते. २०२५ पासून आरटीजीएस, एनईएफटी करताना ज्याला पैसे जाणार त्याचं नाव आधी दिसायची सोय आली, चांगली आहे, पण इथे तिचा काय उपयोग, कारण बाईंना आधीच सांगून ठेवलेलं असतं की खातं आमच्या क्लिअरिंग एजंटचं आहे, नाव वेगळं दिसेल, घाबरू नका. काउंटरवर पण तेच, एफडी मुदतीआधी मोडायला आलेल्या माणसाला विचारलं की काय हो अचानक, तर म्हणणार घरगुती कारण आहे, आणि जास्त विचारलं तर मॅनेजरकडे तक्रार. काय बोलायचं याचं ट्रेनिंग त्यांना पलीकडून फोनवर मिळालेलं असतं.

आता तो माणूस फसवतो कसा, जे बातमीत यायला पाहिजे ते. फोटो खरे असतात, पण भलत्याच माणसाचे. कोणीतरी खराखुरा डॉक्टर, सैन्यातला अधिकारी, जहाजावरचा इंजिनियर, ज्याचं अकाउंट सगळ्यांना उघडं आहे, त्याचे सात-आठ वर्षांचे फोटो उचलायचे, बायको असेल तिथे फोटो कापायचा, मुलगी असेल ती ठेवायची, कारण बायको वारलेला आणि एकटा मुलगी वाढवणारा बाप म्हटलं की अर्धं काम झालं. नोकऱ्यासुद्धा उगाच निवडलेल्या नसतात. समुद्रात तेलाच्या प्लॅटफॉर्मवर आहे, युद्धभूमीवर सर्जन आहे, बोटीवर आहे, म्हणजे भेटता का येत नाही, व्हिडिओ कॉल का होत नाही, रात्री-अपरात्री मेसेज का येतात, आणि ऐनवेळी स्वतःच्याच खात्यातून पैसे का काढता येत नाहीत, सगळ्याची उत्तरं तयार. अमेरिकन सैन्याची स्वतःची तपास शाखा किती वर्षं सांगतेय की आमच्या जवानांचे फोटो वापरून हे चालतं, सुट्टी मिळवायला किंवा जेवणाखाण्याला जवानाला बाहेरच्या कोणाकडून पैसे लागत नाहीत, पण ते इकडे पोचतच नाही.

आणि पुण्यात हे इतकं का चालतं याचं माझं एक मत आहे, पटलं तर बघा. कोथरूड, कर्वेनगर, औंध, सहकारनगर, कुठल्याही बिल्डिंगमध्ये दर मजल्यावर एकाचं तरी पोर न्यू जर्सीला नाहीतर लंडनला. +४४ ने सुरू होणारा नंबर, रात्री अकराचा फोन, तिकडून येणारं पार्सल, पौंडात पगार, यात आपल्याला काही वेगळं वाटतच नाही. दुसऱ्या एखाद्या गावात परदेशी नंबर बघून माणूस दचकेल, आपण चार्जर शोधतो. शिवाय घरात बोलायला कोणी नाही. मुलगा रविवारी वीस मिनिटं बोलतो, त्यात दहा मिनिटं नातवाला कॅमेऱ्यासमोर बसवण्यात जातात. आणि इकडे एक माणूस रोज सकाळी विचारतो की गुडघा कसा आहे, गोळी घेतली का. पैशांचा विषय महिना-महिना काढत नाही. हसणाऱ्यांनी जरा आठवावं की आपण आपल्या आईला गुडघ्याचं शेवटचं कधी विचारलं.

मग येतं पार्सल. वाढदिवसाला किंवा दिवाळीला तो घड्याळ, फोन, दागिने आणि वर काही हजार पौंड कॅश पाठवल्याचं सांगतो, पॅकिंगचा फोटो, कुरियरची पावती, ट्रॅकिंगची खोटी वेबसाइट, सगळं. दोन दिवसांनी दिल्ली एअरपोर्टच्या कस्टम्समधून बोलतेय म्हणून एका बाईचा हिंदीत फोन, ड्यूटी भरा. पहिली रक्कम मुद्दाम परवडेल अशी असते. ती भरली की स्कॅनिंगमध्ये परकीय चलन सापडलं, आता मनी लाँडरिंगचं सर्टिफिकेट काढा, नाही काढलं तर पोलीस केस होईल. इथे प्रेम संपतं आणि भीती सुरू होते, हे बातम्यांमध्ये कधीच येत नाही. पुढचे हप्ते बाई प्रेमापोटी नाही भरत, अटकेच्या भीतीने भरतात! खरं तर कस्टम्सची ड्यूटी कधीही कोणा माणसाच्या सेव्हिंग खात्यात भरायची नसते, कस्टम्सवाले असा फोन करून पैसे मागत नाहीत, आणि २०१९ पासून त्यांच्या पत्रांवर एक डिन नंबर असतो जो त्यांच्या वेबसाइटवर टाकून पत्र खरं का खोटं ते बघता येतं. एवढी दोन वाक्यं बातमीत चौकट करून छापली असती तर किती जणी दुसऱ्या हप्त्याच्या आत थांबल्या असत्या.

दुसरी पद्धत हल्ली जास्त चाललीये आणि त्यात पुरुष भरपूर फसतात, हिंजवडीचे चांगले शिकलेले आयटीवाले. सुंदर मुलीचा 'रॉंग नंबर' मेसेज येतो, ओळख होते, ती कधीच पैसे मागत नाही, उलट स्वतः ट्रेडिंगमध्ये किती कमावते ते दाखवते आणि एक ॲप देते. ॲपवर तुमचे दहा हजार भराभर वाढताना दिसतात, थोडे काढूनही देतात, तिथेच विश्वास बसतो. मग कर्ज काढून मोठी रक्कम टाकली की काढताना आधी टॅक्स भरा, अमुक भरा. ॲपवरचे आकडे म्हणजे नुसते आकडे, मागे मार्केट वगैरे काही नसतं. अशा केसेसना तुम्ही 'गुंतवणुकीच्या आमिषाने फसवणूक' म्हणता, त्यात प्रियकर-प्रेयसी येत नाही, हे माझ्या लक्षात आलंय हं.

ती मुलगी म्हणजे बऱ्याचदा म्यानमार नाहीतर कंबोडियातल्या एखाद्या कंपाउंडमध्ये कोंडलेला मुलगा असतो. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये अंदाज दिला होता की असं काम जबरदस्तीने करायला लावलेले म्यानमारमध्ये निदान १ लाख २० हजार आणि कंबोडियात १ लाखाच्या आसपास लोक असावेत. त्यात आपली पोरं पण आहेत, थायलंडमध्ये डेटा एन्ट्रीची नोकरी म्हणून नेलेली. मार्च २०२५ मध्ये आपल्या हवाई दलाच्या विमानांनी ५०० हून जास्त भारतीयांना तिथून परत आणलं. तेव्हा पलीकडे कोण बसलंय ते पण एकदा सविस्तर छापा.

आता ज्याचा फोटो चोरला त्याचं काय, त्याच्याबद्दल तर कोणी एक ओळ लिहीत नाही. माझ्या भाच्याचा एक मित्र डॉक्टर आहे, दिसायला बरा, शनिवार-रविवार राजगड, हरिश्चंद्रगड, सगळे फोटो पब्लिक. त्याच्या फोटोंवर वेगळ्या नावाने एक प्रोफाइल निघालं, बंद केलं की दुसरं. अनोळखी बायका त्याच्या खऱ्या अकाउंटवर येऊन शिव्या देतात, एक तर त्याच्या क्लिनिकला फोन करून रडली, आणि रिसेप्शनवरच्या मुलीला वाटलं डॉक्टरांचं काहीतरी भलतंच चाललंय. बायकोने विश्वास ठेवला म्हणून निभावलं. त्याने प्रोफाइलची तक्रार केली तर उत्तर आलं की आमच्या नियमांचं उल्लंघन दिसत नाही. मित्र म्हणतात की लेका हँडसम आहेस म्हणून तुझा फोटो घेतला, पार्टी दे!

२०२१ चे आयटी नियम आले तेव्हा त्यात स्पष्ट लिहिलं होतं की कोणी तुमचं सोंग घेऊन प्रोफाइल चालवत असेल तर तुमच्या तक्रारीनंतर २४ तासांत ते हटवण्याची कारवाई कंपनीने करायची. कंपनीने दाद दिली नाही तर २०२३ पासून केंद्र सरकारची अपील समिती आहे, ऑनलाइनच अर्ज करता येतो. आयटी कायद्याचं कलम ६६सी दुसऱ्याची ओळख चोरण्याबद्दल आहे आणि ६६डी सोंग घेऊन फसवण्याबद्दल, दोन्हीत तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. म्हणजे डॉक्टर नुसता साक्षीदार नाही, त्याची स्वतःची तक्रार होऊ शकते. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, पोलिसांत गेला तर पहिला प्रश्न काय, तर तुमचे पैसे गेले का? नाही ना, मग सोडा. आणि तक्रार देताना नुसतं नाव देऊन भागत नाही, प्रोफाइलची लिंक लागते, नाव तर ते रोज बदलतात.

तो फोटो नेटवर आणखी कुठे आहे ते शोधा, गुगल लेन्सवर टाका असं सगळे सांगतात. बघावं जरूर, पण त्याच्यावर फार विसंबू नये असं माझं मत. फोटो आरशासारखा उलटा केला, कापला, रंग बदलला की बऱ्याचदा सापडत नाही, आणि आता तर एआयने कोणाचाच नसलेला चेहरा तयार होतो. व्हिडिओ कॉलवर पण चेहरा बदलता येतो. मी मैत्रिणींना एवढंच सांगते की प्रत्यक्ष न भेटलेल्या माणसाने कुठल्याही कारणाने पैसे म्हटले की तिथे थांबायचं, मग तो खरा असला तरी.

आणखी एक. पूर्वी स्थळ आलं की घरचे चौकशी करायचे. सांगलीचा मुलगा म्हटलं की कोणाचा तरी मेहुणा सांगलीत निघायचाच, तो ऑफिसात जाऊन, शेजारी विचारून यायचा. आता पन्नाशीतल्या बाईने मॅट्रिमोनी साइटवर नाव घातलं तर तिची चौकशी कोण करणार? ती घरी सांगतच नाही, सांगितलं तर मुलंच म्हणतात आई तुझं काय आता. सरकारने २०१६ मध्ये या साइट्ससाठी सूचना काढल्या होत्या, नाव नोंदवणाऱ्याचा ओळखपत्राचा पुरावा घ्या, फसवणुकीबद्दल इशारा द्या वगैरे. पण भामटा तिथे चार दिवस बोलतो आणि लगेच व्हॉट्सॲपवर या म्हणतो, की साइटचं लक्ष संपलं. मुलांनी आईला एवढं जरी म्हटलं की तुला कोणी आवडलं तर सांग, आपण मिळून चौकशी करू, तरी मला वाटतं निम्म्या केसेस कमी होतील. (आकडा माझा अंदाज, छापताना अभ्यास म्हणून छापू नका.)

आता तुमच्याकडे मागणं. बलात्कार झालेल्या बाईची ओळख छापायला कायद्याने बंदी आहे, पूर्वी आयपीसीत होती, आता न्याय संहितेचं कलम ७२. फसवणुकीत तसा कायदा नाही, म्हणजे हे पूर्ण तुमच्या मर्जीवर आहे. वय, भाग, नोकरी, विधवा-घटस्फोटित, यातलं काहीही न देता बातमी होते. 'पुण्यातील एका व्यक्तीची' एवढं पुरे. तिच्याऐवजी त्या भामट्याची माहिती द्या की, कोण असल्याचं सांगितलं, पहिली मागणी कशासाठी, खातं कोणत्या प्रकारचं, कुठली धमकी दिली.

फ्रान्समध्ये काय झालं ते तुम्ही पण छापलं असेल. ब्रॅड पिट असल्याचं भासवून एका बाईंचे ८ लाख ३० हजार युरो नेले, म्हणजे आपले सात कोटींच्या वर, एआयने केलेले हॉस्पिटलमधले फोटो पाठवून. जानेवारी २०२५ मध्ये तिकडच्या टीव्हीवर त्या स्वतः बोलल्या आणि लोकांनी त्यांची इतकी टर उडवली की चॅनेलला कार्यक्रमाचा तो भाग काढून टाकावा लागला. आता सांगा, त्यानंतर फ्रान्समधली दुसरी कोणती बाई पुढे येऊन बोलेल. आणि हा प्रकार काही आपल्याकडच्या भोळ्या बायकांचा नाही, अमेरिकेच्या ट्रेड कमिशनकडे २०२२ या एका वर्षात जवळपास ७० हजार लोकांनी अशा प्रेमाच्या फसवणुकीच्या तक्रारी दिल्या, रक्कम १३० कोटी डॉलर. ही फक्त तक्रार देणाऱ्यांची गोष्ट.

प्रत्येक अशा बातमीखाली हे छापा, रोज छापलं तरी चालेल: पैसे गेल्याचं लक्षात आलं की आधी १९३० ला फोन, मग रडा. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार, आणि आपल्या बँकेला लेखी कळवा. ट्रान्सफरचा यूटीआर नंबर (त्या व्यवहाराचा बँकेचा नंबर), तारीख-वेळ, समोरचा खाते नंबर, प्रोफाइलची लिंक, चॅटचे स्क्रीनशॉट हे काढून मगच ब्लॉक करा, रागाने चॅट डिलीट करू नका. १९३० चा फोन म्हणजे एफआयआर नव्हे, ती वेगळी द्यावी लागते, शिवाजीनगरला सायबर पोलिसांकडे जाता येतं आणि जवळच्या कुठल्याही पोलीस स्टेशनने हद्द दाखवून परत पाठवायचं नसतं. आणि काही दिवसांनी 'तुमचे गेलेले पैसे परत मिळवून देतो' म्हणून वकिलाचा किंवा सायबर सेलचा फोन येतो, फी आधी मागतात, ती पण त्यांचीच टोळी असते किंवा तुमचा नंबर विकत घेतलेली दुसरी.

पत्र ठरल्यापेक्षा मोठं झालं. जागा नसेल तर माझी मतं कापा, सांगलीचं कापा, पण हा शेवटचा १९३० चा परिच्छेद आणि कस्टम्सचा भाग पूर्ण ठेवा. आणि सोबत तो काळी हुडी घातलेल्या हॅकरचा फोटो नका टाकू प्लीज.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी, कर्वेनगर, पुणे